खेळगुरु डीन स्मिथ

आपल्या घरांतून शिक्षकांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे त्या बहुधा संस्कृताच्या शास्त्रीबोवांच्या, गणिताच्या मास्तरांच्या किंवा कॉलेजांतील एखाद्या इंग्रजीच्या प्रोफेसरांच्या असतात. खेळाच्या शिक्षकाची आठवण निघालीच तर शिटी, कवाईत आणि उन्हांत उभें राहण्याची शिक्षा एवढ्यावरच ती संपते. शरीर घडविणारा हा मनुष्य मनाला काय शिकविणार, अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील एका खेळशिक्षकाचें चरित्र उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. या गृहस्थांचें नांव डीन स्मिथ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ कॅरोलायना या संस्थानांत चॅपल हिल म्हणून विद्यापीठाचें एक गांव आहे. तेथें १९६१ पासून १९९७ पर्यंत छत्तीस वर्षें त्यांनीं विद्यार्थ्यांस बास्केटबॉल शिकविला. ७ फेब्रुवारी २०१५ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्या गोष्टीस दहा वर्षें होऊन गेलीं. खेळांतील कीर्ति विझण्यास एवढा काळ पुरेसा असतो. या माणसाची आठवण मात्र त्यानें जिंकलेल्या सामन्यांमुळें राहिलेली नसल्यानें ती विझण्याचें कारण पडलें नाहीं.

अमेरिकेंतील कॉलेजांच्या खेळांविषयीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे शें-दोनशें विद्यार्थी आणि एखादे हौशी प्रोफेसर यांची गर्दी. तिकडे तशी स्थिति नाहीं. चॅपल हिलच्या ज्या क्रीडागृहास १९८६ सालीं डीन स्मिथ यांचें नांव देण्यांत आलें, त्यांत सुमारें एकवीस हजार माणसें बसतात, आणि तीं सारीं विद्यार्थ्यांचा खेळ पाहण्यास येतात. जेथें इतकी गर्दी तेथें पैसा, जेथें पैसा तेथें जिंकण्याचा हव्यास. आणि हव्यास शिरला कीं शिक्षक हा शिक्षक न राहतां अडत्या होऊं लागतो. स्मिथ यांची थोरवी मोजावयाची ती या बाजारांत उभें राहून. (त्या क्रीडागृहास आपलें नांव देण्यास ते राजी नव्हते, मान खेळाडूंचा आहे असें त्यांचें म्हणणें होतें. तें कोणीं ऐकिलें नाहीं.)

बास्केटबॉल या खेळास जनक आहे आणि जन्मस्थळही आहे. खेळांच्या इतिहासांत ही गोष्ट दुर्मिळच. हुतुतू कोणीं काढला किंवा आट्यापाट्या कोणत्या गांवीं सुरू झाल्या, हें कोण सांगूं शकेल? १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शाळेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें, हिंवाळ्यामुळें घरांत कोंडलेल्या धटिंगण विद्यार्थ्यांस कांहीं तरी उद्योग पाहिजे म्हणून, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हेच नेस्मिथ १८९८ सालीं कॅन्सास विद्यापीठांत गेले. तेथें त्यांचे शिष्य फॉग अ‍ॅलन हे पुढें नांवाजलेले खेळशिक्षक झाले. आणि अ‍ॅलन यांच्या हाताखालीं जो संघ १९५२ सालीं राष्ट्रीय विजेता ठरला त्यांत डीन स्मिथ होते. म्हणजे खेळ निर्माण करणारापासून ही तिसरीच पिढी. गंमत अशी कीं कॅन्सासच्या आजवरच्या खेळशिक्षकांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षां हरलेले सामने ज्यांच्या नांवावर अधिक आहेत असे एकटे नेस्मिथच! मूळ ऋषीला हारजितीची फारशी पर्वा नसावी. स्मिथ हे त्या विजेत्या संघांत होते खरे, परंतु बहुतेक वेळ ते बाकावर बसून असत. बाकावर बसणाऱ्या मुलाला काय वाटतें, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९३१ रोजीं कॅन्सासमधील एम्पोरिया या गांवीं झाला. आई आणि वडील दोघेंही शिक्षक. वडील आल्फ्रेड स्मिथ हे गांवच्या हायस्कुलांत खेळही शिकवीत. १९३४ सालीं त्यांच्या संघानें संस्थानचें अजिंक्यपद मिळविलें. त्या संघांत पॉल टेरी हा कृष्णवर्णी मुलगा होता. आणि त्या काळीं ही गोष्ट बिनबोभाट होण्यासारखी नव्हती. डीन त्या वेळीं तीन वर्षांचे होते. कळूं लागल्यावर घरांत ही हकीगत त्यांच्या कानांवर अनेकदां पडली असेल, यांत संशय नाहीं.

कॉलेजांत गणित हा त्यांचा विषय. पदवीनंतर कांहीं काळ विमानदलांत काढून ते १९५८ सालीं चॅपल हिलला दुय्यम शिक्षक म्हणून आले. तीन वर्षांनीं मुख्य शिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनीं जागा सोडली. खेळाडू मिळविण्याच्या कामीं नियमभंग झाल्यावरून विद्यापीठास त्या वेळीं शिक्षा झालेली होती. विद्यापीठाचे प्रमुख विल्यम एकॉक यांनीं तीस वर्षांच्या स्मिथ यांस ती जागा दिली. सामने जिंकलेच पाहिजेत अशी अट त्यांनीं घातली नाहीं. विद्यापीठाचें नांव स्वच्छ ठेवावें, एवढीच त्यांची मागणी होती. पहिल्या वर्षीं सतरा सामने झाले. आठ जिंकले, नऊ हरले. पुढील पस्तीस वर्षांत असें वर्ष पुन्हां आलें नाहीं. पण हें भविष्य चाहत्यांना कसें कळावें? १९६५ च्या जानेवारींत वेक फॉरेस्टशीं सामना हरून संघाची गाडी परत आली, तों विद्यार्थ्यांनीं आपल्याच शिक्षकाचा पुतळा करून तो फांसावर लटकविलेला! बिली कनिंगहॅम नांवाचा खेळाडू गाडींतून उतरला आणि त्यानें तो पुतळा ओढून खालीं काढला. गुरूच्या अपमानाचा जाब द्यावयास शिष्य धांवला, हें चांगलेंच. परंतु हरणाऱ्या गुरूसाठीं शिष्य धांवतो तेव्हां त्यानें गुरूपासून विजयापेक्षां दुसरें कांहीं तरी घेतलेलें असतें.

त्यांच्या उमेदवारीच्या काळांतील एक हकीगत येथें सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत त्या वेळीं गोऱ्यांच्या उपाहारगृहांत कृष्णवर्णी माणसास बसूं देत नसत. चॅपल हिल हें विद्वानांचें गांव; तरी तेथेंही तीच रीत. ‘द पाइन्स’ म्हणून जें उपाहारगृह होतें तेथें विद्यापीठाचा संघ नेहमीं जेवावयास जाई. स्मिथ ज्या चर्चमध्यें जात तेथील पाद्री रॉबर्ट सेमूर यांनीं असें सुचविलें कीं, एका कृष्णवर्णी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास बरोबर घेऊन स्मिथ यांनीं त्या ठिकाणीं जेवावयास जावें. स्मिथ गेले, बसले, आणि त्यांना वाढण्यांत आलें. एवढीच गोष्ट. ना भाषण झालें, ना वर्तमानपत्रांत मजकूर आला. त्या वेळीं ते प्रसिद्ध नव्हते; दुय्यम शिक्षकाची नोकरी ती केवढी, आणि ती जावयास कितीसा वेळ लागता! पुढें कित्येक वर्षांनीं जॉन फाइनस्टाइन या वृत्तपत्रलेखकानें सेमूर यांच्याकडून ही हकीगत ऐकून स्मिथ यांजकडे चौकशी केली, तेव्हां त्यांस आनंद होण्याऐवजीं संकोचच वाटला. सेमूर यांनीं हें सांगावयास नको होतें. योग्य तें केलें यांत अभिमान कसला धरावयाचा, अशा अर्थाचें त्यांचें उत्तर प्रसिद्ध आहे.

पंगतीचा अर्थ आमच्या वाचकांस फोडून सांगण्याची जरूर नाहीं. कोण कोणाच्या शेजारीं बसून जेवतो एवढ्यावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत आपल्याकडेही होती. ती मोडूं पाहणारांस आपल्याच आळींत काय काय सोसावें लागलें, याच्या गोष्टी पुष्कळ घरांतून अजून सांगितल्या जातात. त्यांतील आपला वाटा कोणत्या बाजूस होता, हें ज्याचें त्यानें आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदपत्रांत पाहावें.

१९६६ सालीं स्मिथ यांनीं चार्ली स्कॉट या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णी विद्यार्थ्यास आपल्या संघांत घेतलें. खेळासाठीं शिष्यवृत्ति मिळालेला त्या विद्यापीठांतील तो पहिलाच कृष्णवर्णी विद्यार्थी. तो गांव पाहावयास आला तेव्हां स्मिथ त्यास रविवारीं आपल्याबरोबर चर्चमध्यें घेऊन गेले. खेळाडूस मोहविण्यासाठीं इतर शिक्षक काय काय दाखवितात हें पाहिलें म्हणजे या साध्या वागण्याचा अर्थ कळतो: येथें तुला खेळण्यापुरतें बोलाविलेलें नाहीं, असें तें सांगणें होतें. एकदां साउथ कॅरोलायना येथें सामना झाल्यावर संघ बाहेर पडत असतां एका प्रेक्षकानें स्कॉट यास माकडाची उपमा देऊन शिवी हांसडली. एरवीं कधीं आवाज न चढविणारे स्मिथ त्या माणसाच्या अंगावर गेले. दुय्यम शिक्षकांनीं त्यांस धरून आंवरलें. कोच रागावलेले आपण त्या दिवशीं प्रथम पाहिले, असें स्कॉट यांनीं पुढें सांगितलें आहे.

आतां त्यांच्या शिकविण्याच्या तऱ्हेकडे वळूं. गणित्याचें डोकें असल्यामुळें चेंडू किती वेळां आपल्या ताब्यांत आला आणि त्यापैकीं दर वेळेमागें किती गुण झाले, हा हिशेब ते त्या काळीं मांडीत, जेव्हां इतरांचें सारें लक्ष शेवटच्या आंकड्याकडे असे. पण याहून आम्हांस महत्त्वाचे वाटतात ते त्यांचे बारीकसारीक नियम. चेंडू टोपलींत टाकणारानें, ज्यानें आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे बोट दाखवावयाचें, म्हणजे हजारों प्रेक्षकांसमोर त्याचें ऋण मान्य करावयाचें. दमलेल्या खेळाडूनें मूठ वर करावी. त्यास लगेच विश्रांति मिळे, आणि दम परत आला कीं आपण होऊन आंत जाण्याचा हक्क त्याचाच. लबाडी करून आंत राहण्याचें कारणच उरलें नाहीं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा घरच्या मैदानावरील अखेरचा सामना असला म्हणजे त्या वर्षाचे सर्व खेळाडू प्रथम उतरावयाचे. मग त्यांपैकीं कोणी वर्षभर बाकावरच बसलेला कां असेना. हा शेवटचा नियम ज्यानें केला तो १९५२ च्या संघांत कोठें बसत होता, हें वर आलेंच आहे.

‘चार कोपरे’ म्हणून त्यांचा एक डाव होता. चार खेळाडूंनीं मैदानाच्या चार कोपऱ्यांस जावयाचें आणि पांचव्यानें मध्यें चेंडू खेळवीत राहावयाचें. सरशी आपली असली कीं वेळ जातो तो आपल्या फायद्याचा. प्रतिपक्ष अधीर होऊन पुढें आला कीं मागची वाट मोकळी. डाव बुद्धीचा खरा, परंतु पाहणारास कंटाळा आणणारा. आम्हीही प्रेक्षकांतच बसलों असतों तर जांभई दिली असती. १९८५ सालीं चेंडू किती वेळ ताब्यांत ठेवावा याला राष्ट्रीय नियमांत मर्यादा घालण्यांत आली, त्याचें बरेंचसें श्रेय याच डावाकडे जातें.

राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत ते सहा वेळां येऊन रिक्त हस्तानें परतले होते. मोठा सामना यांना जिंकतां येत नाहीं, असें लोक म्हणूं लागले. सातव्या वेळीं, २९ मार्च १९८२ रोजीं, न्यू ऑर्लिन्स येथें जॉर्जटाउनच्या संघाशीं गांठ पडली. जॉर्जटाउनचे शिक्षक जॉन थॉम्पसन हे स्मिथ यांचे जिवलग मित्र; १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्यें स्मिथ यांच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें तेव्हां थॉम्पसन त्यांचे साहाय्यक होते. अर्ध्या मिनिटाचा खेळ उरला असतां स्मिथ यांचा संघ एका गुणानें मागें होता. त्यांनीं संघास जवळ बोलाविलें आणि चेंडू एका एकोणीस वर्षांच्या, पहिल्याच वर्षाच्या मुलाच्या हातीं जाईल अशी तजवीज करून त्याला निर्धास्तपणें टाकावयास सांगितलें. चेंडू टोपलींत पडला. सामना ६३–६२ असा जिंकला. तो मुलगा मायकेल जॉर्डन.

पुढें जॉर्डन जगप्रसिद्ध झाले, म्हणून ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या आधींचा भाग तितका ठाऊक नसेल. त्या मोसमाच्या आरंभीं एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकानें मुखपृष्ठासाठीं चॅपल हिलच्या पांच प्रमुख खेळाडूंचें छायाचित्र मागितलें. ज्यानें अजून एकही सामना खेळलेला नाहीं त्यानें मुखपृष्ठावर झळकूं नये, म्हणून स्मिथ यांनीं जॉर्डन यास वगळून चौघांनाच उभें केलें. मानाची वेळ आली नाहीं म्हणून जो मुलगा चित्रांतून वगळला, त्याच्याच हातीं वर्षाच्या शेवटीं सर्वांचें भवितव्य दिलें! १९८४ सालीं जॉर्डन यांचें कॉलेजचें एक वर्ष शिल्लक होतें. ते राहते तर संघाचा केवढा फायदा होता. परंतु व्यवसायी खेळांत जाण्यास हीच वेळ योग्य आहे असें दिसून आल्यावर स्मिथ यांनीं त्यांस जाण्याचाच सल्ला दिला. त्यापूर्वीं जेम्स वर्दी आणि बॉब मॅकअडू यांनाही त्यांनीं असेंच सोडलें होतें. जॉर्डन यांनीं राहिलेला अभ्यास पुरा करून १९८६ सालीं भूगोल विषयांत पदवी घेतली. आईवडिलांखालोखाल आपल्या आयुष्यावर कोणाची छाप असेल तर ती कोच स्मिथ यांची, हें जॉर्डन यांनीं गुरूच्या मृत्यूनंतर सांगितलें.

वाचकांस वाटेल कीं आम्ही संताचें चरित्र लिहीत आहों. तसें नाहीं. स्मिथ यांची जिंकण्याची ईर्ष्या विलक्षण होती, आणि पंचांशीं गोड शब्दांत वाद घालण्याची त्यांची हातोटी प्रतिपक्षास चीड आणी. १९९१ सालीं इंडियानापोलिस येथें राष्ट्रीय उपांत्य सामन्यांत तर पंचांनीं त्यांस मैदानाबाहेरच घालविलें. आणि समोरचा संघ होता कॅन्सासचा, त्याचे शिक्षक रॉय विल्यम्स, म्हणजे दहा वर्षें स्मिथ यांच्या हाताखालीं तयार झालेले शिष्य. आणखी एक गोष्ट. त्यांचे शेंकडा ९६ हून अधिक खेळाडू पदवीधर झाले असें विद्यापीठ अभिमानानें सांगत आलें. परंतु २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालांत त्याच विद्यापीठाच्या एका विभागांत १९९३ ते २०११ या काळांत नांवापुरते वर्ग चालले आणि त्यांचा फायदा घेणारांत खेळाडू फार होते असें उघडकीस आलें. त्यांतील पहिलीं चार वर्षें स्मिथ यांच्या अमदानींतील होत. गुरूच्या गौरवासाठीं हें काळाचें गणित लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

१९९७ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं काम सोडलें तेव्हां त्यांच्या नांवावर ८७९ विजय होते. पुरुषांच्या कॉलेज-बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणींत तोंवर कोणीही इतके सामने जिंकले नव्हते. हा आंकडा पुढें इतरांनीं ओलांडला. शिष्य मात्र आंकड्यांविषयीं फारसें बोलत नसत. ते बोलत स्मिथ यांच्या स्मरणशक्तीविषयीं. तीस वर्षांपूर्वीं एक मोसम बाकावर बसून गेलेला खेळाडू भेटला तरी त्याच्या बायकोचें नांव, मुलांचीं नांवें, आईची प्रकृति, सारें त्यांच्या जिभेवर असे. पत्रें जात, नोकरीच्या शिफारशी जात, लग्नाकार्याला, दुखण्याबाण्याला विचारपूस होई. जॉर्डन यांना जें पत्र जाई तसेंच ज्यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं त्यांनाही जाई.

आणि नेमकी तीच शक्ति दैवानें हिरावून घेतली. २०१० च्या जुलैंत कुटुंबीयांनीं एक पत्र प्रसिद्ध करून, स्मिथ यांना स्मृति हळूहळू नष्ट करणारा मेंदूचा विकार झाला असल्याचें कळविलें. यापुढें एखाद्या जुन्या खेळाडूचें नांव त्यांना चटकन् आठवलें नाहीं, तरी त्या खेळाडूविषयींची त्यांची माया कमी झाली असें समजूं नये, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या घरांत वडीलधाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाची ओळख पटेनाशी झाली आहे, तेथें हें वाक्य लिहितांना काय वाटलें असेल हें समजण्यास अमेरिकेंत जावयास नको. २०१३ च्या नोव्हेंबरांत राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं त्यांना राष्ट्राचें सर्वोच्च नागरी पदक दिलें. तें स्वीकारण्यास ते जाऊं शकले नाहींत. पत्नी लिनिया यांनीं तें घेतलें. शिष्य भेटीस येत राहिले. आतां नांवें आठवण्याचें काम त्यांच्याकडे आलें होतें.

मृत्यूनंतर अकरा दिवसांनीं ड्यूक विद्यापीठाशीं सामना होता. चॅपल हिल आणि ड्यूक यांच्या मैदानांत जेमतेम चार कोसांचें अंतर, आणि वैर मात्र पिढीजाद. सामन्यापूर्वीं दोन्हीं संघांचे खेळाडू आणि शिक्षक मैदानाच्या मध्यावर एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गुडघे टेकून बसले. त्यानंतरच्या घरच्या सामन्यांत, २१ फेब्रुवारीस, जॉर्जिया टेक्‌विरुद्ध पहिल्याच चालीस चार खेळाडू चार कोपऱ्यांस गेले. वेळेच्या मर्यादेनें तो डाव तीस वर्षांपूर्वींच निकामी केला होता, आणि तो खेळणारीं मुलें त्या वेळीं जन्मलींही नव्हतीं. तरी प्रेक्षकांस एका क्षणांत काय चाललें आहे तें कळलें. चेंडू टोपलींत पडला. त्या दिवशीं संघाचे शिक्षक होते तेच रॉय विल्यम्स.

पुढच्याच महिन्यांत देशभर विखुरलेल्या सुमारें १८० जुन्या खेळाडूंच्या घरीं टपालानें एकेक लखोटा आला. स्मिथ यांनीं आपल्या मृत्युपत्रांत तशी व्यवस्था करून ठेविली होती. आंत दोनशें डॉलरचा चेक होता, आणि कोच डीन स्मिथ यांच्यातर्फें एक वेळ बाहेर जेवून यावें, अशी सूचना होती. कोट्यधीश झालेल्या जॉर्डन यांच्या वांट्यास जी रक्कम, तीच पहिल्या वर्षींच्या आठ विजयी सामन्यांतील खेळाडूच्या वांट्यास. कांहीं जण बायकोमुलांस घेऊन जेवून आले. कांहींनीं स्वतःच्या पैशानें जेवून चेक तसाच जपून ठेवला. तो वटविला तर कोचची आठवण हातांतून जाईल, असें त्यांना वाटलें.